जुन्या गाळ्यावर गिऱ्हाईक जातंय, काय करू?

२०१९ च्या पुरानंतर आम्ही सांगलीतलं भडंगचं दुकान गणपती पेठेतनं विश्रामबागला हलवलं. गुगल मॅप अजून जुनाच गाळा दाखवतो, रोज दोन-चार माणसं तिथं जाऊन फोन करतात. गुगलवरची दुकानाची प्रोफाइल (नाव, पत्ता, फोन, रिव्ह्यू दिसतात ते पान) ज्या पोरानं काढून दिली तो आता पुण्यात, फोन उचलत नाही. नवीन प्रोफाइल काढू का?

नवीन अजिबात काढू नका! तुमचे इतक्या वर्षांचे रिव्ह्यू जुन्या प्रोफाइलवर आहेत, नवीन काढली की दोन-दोन दुकानं दिसणार आणि गिऱ्हाईक आणखी गोंधळणार. जुनीच ताब्यात घ्या. तुमच्या स्वतःच्या जीमेलनं लॉगिन करा, गुगलवर दुकान शोधा, तिथं मालकीचा ॲक्सेस मागायची सोय आहे, ती रिक्वेस्ट त्या पोराच्या ईमेलवर जाते आणि त्याला उत्तर द्यायला ३ दिवस असतात. त्यानं काहीच कळवलं नाही तर बहुतेक वेळा प्रोफाइल स्वतः क्लेम करायचा पर्याय येतो.

मग पत्ता बदला, आणि पिन बोटानं धरून बरोब्बर तुमच्या शटरवर आणून ठेवा, कारण नुसता पत्ता टाकला की पिन कधीकधी मागच्या बोळात पडते. दुकान खरंच तिथं आहे आणि तुमचंच आहे हे बघायला गुगल व्हिडिओ मागू शकतं. तो एकाच दमात काढायचा, मध्ये कट नको: आधी रस्ता आणि शेजारची दुकानं, मग तुमचा बोर्ड, मग किल्लीनं कुलूप उघडताना हात, मग आत भट्टी, कढई, काउंटर. सकाळी दुकान उघडतानाच काढा, सगळं आपोआप येतं.

एक कळकळीनं सांगतो, प्रोफाइल कुणाकडनंही करून घ्या पण मुख्य मालक म्हणून ईमेल तुमचाच पाहिजे, त्याला मॅनेजर करा. गाळ्याची किल्ली आपण दुसऱ्याकडं कायमची देतो का?

"महिन्याला पैसे भरा, गुगलवर एक नंबरला आणतो" असा फोन येतोय. भरू का? सांगलीत फरसाणचं दुकान आहे.

नका भरू. मॅपमधल्या यादीत वरचा नंबर पैसे देऊन मिळत नाही, हे गुगलनंच लिहून ठेवलंय. तिथं तीन गोष्टी बघतात: शोधलेल्या गोष्टीशी तुमचं दुकान किती जुळतं, शोधणाऱ्यापासनं किती लांब आहे, आणि किती नावाजलेलं आहे. मिरजेत उभा असलेला माणूस आणि मार्केट यार्डात उभा असलेला माणूस, दोघांना यादी वेगळी दिसते, मग एक नंबर कुणाच्या मोबाइलवरचा? जाहिरात हा वेगळा प्रकार, तिच्यावर 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. आणि व्हेरिफिकेशनचा कोड (दुकान तुमचंच आहे हे तपासायला गुगल पाठवतं तो) कुणी फोनवर मागितला तर देऊ नका.

साताऱ्यात पेढ्याचं दुकान आहे. नावात "बेस्ट कंदी पेढे सातारा राजवाडा" जोडलं तर वर येईल का?

बोर्डवर जे नाव आहे तेच टाका. जास्तीचे शब्द घुसडणं नियमाबाहेर आहे, प्रोफाइल सस्पेंड होऊ शकते, आणि ऐन दिवाळीत झालं तर काय करणार? "कंदी पेढे" हे प्रॉडक्टमध्ये फोटो आणि भावासकट टाका, मुख्य कॅटेगरी मिठाईच्या दुकानाची ठेवा. सणाच्या दिवसांची वेळ आधीच भरून ठेवा, बंद दुकानापुढं येऊन परत गेलेलं गिऱ्हाईक फार चिडतं.

कासजवळ आमचा होमस्टे आहे. एकानं एक स्टार दिला, "रस्ता सापडला नाही, पाणी गार." डिलीट होईल का?

खरा पाहुणा असेल तर नाही होणार, आणि होऊही नये असं मला वाटतं. दोन दिवसांत शांतपणे उत्तर लिहा: पिन दुरुस्त केली, गरम पाणी सकाळी अमुक वेळेत मिळतं. हे उत्तर त्याच्यासाठी कमी आणि पुढच्या पाहुण्यासाठी जास्त असतं, फुलांच्या सीझनला बुकिंगच्या आधी माणूस वाईट रिव्ह्यूच पहिले वाचतो. डिस्काउंट देऊन चांगले रिव्ह्यू मात्र घेऊ नका, तेही नियमात बसत नाही. निघताना तोंडानं सांगा, लिंक व्हॉट्सॲपला पाठवा, बास.

मिरजेत सतारी, तंबोरे बनवतो. वेबसाइटवाला म्हणतो कीवर्ड टॅगचे (वेबसाइटच्या कोडमध्ये टाकलेली, वाचणाऱ्याला न दिसणारी शब्दांची यादी) वेगळे पैसे. देऊ का?

तो टॅग रँकिंगसाठी वापरत नाही हे गुगलनं २००९ लाच सांगितलंय. त्यापेक्षा भोपळा कसा निवडता, जवारी (घोडीचा माथा घासून तारेला आणलेली गुंज) कशी काढता हे मराठीत आणि इंग्रजीतही लिहा, फोटोवर छापून नको, साध्या टाइप केलेल्या मजकुरात. आणि जवारी घासतानाचा तुमच्या हातांचा जवळनं एक फोटो टाका.