रक्तशर्करा, डोळ्यांचा पडदा आणि कान: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मधुमेहाविषयी आलेल्या पत्रांपैकी डोळे आणि कान यांच्याशी संबंधित चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: महिन्यापूर्वी मधुमेह असल्याचे कळले आणि गोळ्या सुरू झाल्या. साखर ३४० वरून १५० वर आली, पण आता पोथी वाचताना अक्षरे पुसट दिसतात. गोळ्यांमुळे डोळे बिघडले का? नवा चष्मा करावा का? (एक गृहिणी, पंचवटी)

उत्तर: गोळ्या बंद करू नका. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली असते तेव्हा डोळ्यातील भिंगातही साखर साठते, ती पाणी ओढून घेते आणि भिंगाचा आकार व चष्म्याचा नंबर बदलतो. उपचाराने साखर झपाट्याने उतरली की भिंग पुन्हा बदलते आणि त्या काळात बहुधा जवळचे वाचणे अवघड जाते. काही आठवड्यांत हे स्थिरावते. म्हणून साखर चार ते सहा आठवडे एका पातळीवर राहिल्यानंतरच नंबर काढावा; आज केलेला चष्मा दिवाळीपर्यंत निरुपयोगी ठरण्याची शक्यता आहे. मात्र डोळ्यांच्या पडद्याची (डोळ्याच्या मागच्या बाजूचा, प्रतिमा उमटते तो थर, म्हणजे रेटिना) तपासणी तोवर लांबवू नका. टाइप २ मधुमेह (बहुधा प्रौढपणी होणारा, सर्वाधिक आढळणारा प्रकार) निदानापूर्वी कित्येक वर्षे शरीरात नकळत असू शकतो, त्यामुळे ती तपासणी निदान होताच करायची असते.

प्रश्न: वय ५२, मधुमेह नऊ वर्षांपासून. लांबचे-जवळचे स्वच्छ दिसते. तरीही डॉक्टर थेंब टाकून पडदा तपासायला सांगतात. द्राक्षाच्या हंगामात पूर्ण दिवस मोडतो. खरोखर गरज आहे का? (एक बागायतदार, निफाड)

उत्तर: गरज आहे, आणि स्वच्छ दिसत असताना ती सर्वाधिक आहे. या पत्रांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो, कारण नऊ-दहा वर्षांचा मधुमेह असूनही एकदाही पडदा न तपासलेली माणसे आपल्या नाशिक जिल्ह्यात मला सतत भेटतात आणि त्यातील काहींच्या बाबतीत उशीर झालेला असतो.

वाढलेल्या साखरेमुळे पडद्यावरील केशवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांना बारीक फुगवटे येतात, त्यांतून रक्त आणि द्रव पाझरतो. पुढे काही वाहिन्या बंद पडतात आणि रक्तपुरवठा तुटलेला पडदा नव्या, पण अतिशय नाजूक वाहिन्या उगवण्यास चालना देतो. हे सारे पडद्याच्या कडेला चालू असेपर्यंत दृष्टी उत्तम राहू शकते. मध्यभागी, ज्याला पीतबिंदू म्हणतात तेथे, सूज आली किंवा एखादी नाजूक वाहिनी फुटून डोळ्यात रक्तस्राव झाला की मग अक्षरे वाकडी दिसणे, काळे ठिपके किंवा जाळे तरंगणे अशी लक्षणे सुरू होतात. लेसर आणि डोळ्यात द्यायची इंजेक्शने यांनी उरलेली दृष्टी बहुतेकदा वाचवता येते. गेलेली पूर्णपणे परत मिळेलच असे नसते.

अमेरिका आणि कॅनडातील टाइप १ मधुमेहाच्या (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) रुग्णांवरील जो मोठा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात काटेकोर साखर-नियंत्रणाने पडद्याचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. साखरेइतकेच रक्तदाबावरही लक्ष असावे. एक सावधगिरी मात्र आहे: पडदा आधीच बराच खराब असेल आणि साखर फार वेगाने खाली आणली, तर सुरुवातीचे काही महिने विकार बळावू शकतो. म्हणून इन्सुलिन किंवा वेगाने साखर उतरवणारे औषध सुरू करण्यापूर्वी पडद्याची स्थिती माहीत असणे हितावह असते.

थेंबांमुळे काही तास धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. म्हणून स्वतः मोटारसायकल चालवून जाऊ नका, सोबत कोणाला तरी न्या. छाटणी आणि काढणी यांच्यामधला एखादा मोकळा दिवस वर्षातून एकदा यासाठी राखून ठेवा. ठिपके किंवा जाळे अचानक दिसू लागले, तर हंगाम कोणताही असो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: सातपूरला प्रेस शॉपमध्ये वीस वर्षे काम करतो. मधुमेह आहे. गर्दीत समोरचा काय बोलतो ते कळत नाही. हे मशीनच्या आवाजाने झाले की साखरेने? (वय ४७)

उत्तर: दोन्हींचा वाटा असू शकतो. आतल्या कानात ध्वनीचे रूपांतर मज्जासंदेशात होते. त्या भागाला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या डोळ्याच्या पडद्यावरील वाहिन्यांइतक्याच बारीक असतात आणि वाढलेल्या साखरेने त्यांचेही नुकसान होते, शिवाय श्रवणमज्जातंतूही दुखावतो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मधुमेहींमध्ये श्रवणदोषाचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले होते. डोळ्यांविषयी किमान बोलले तरी जाते. कानांविषयी रुग्णही सांगत नाहीत आणि आम्ही डॉक्टरही पुरेसे विचारत नाही, याची मला खंत वाटते.

आवाजाने झालेली हानी ऑडिओमेट्रीच्या (ऐकण्याच्या चाचणीच्या) आलेखात बहुधा ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच स्वरांच्या, आसपास खोलगट उतारासारखी दिसते. त्यावरून अंदाज बांधता येतो, तरी दोन कारणांची वाटणी नेमकी करता येत नाही. ही चाचणी आता करा आणि पुढे दरवर्षी करत राहा. गोंगाटाने येणारे बहिरेपण कामगार कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले आहे, त्यामुळे कानाचे संरक्षक साधन मागताना संकोच करण्याचे कारण नाही. आतल्या कानाची गेलेली शक्ती औषधाने सहसा परतत नाही. श्रवणयंत्र सुचवले गेले तर ते लवकर वापरण्यात हित आहे.

एका कानाने अचानक, तासा-दिवसांत ऐकू येईनासे झाले तर मात्र ती तातडीची स्थिती समजावी. त्यावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडने साखर वाढते, म्हणून मधुमेह असल्याचे प्रथम सांगावे.

प्रश्न: आईचे वय ७१, साखर नेहमी वाढलेली. आठ दिवसांपासून कान रात्री असह्य दुखतो, थोडा स्राव येतो. मेडिकलमधून आणलेल्या थेंबांनी फरक नाही. (सिन्नर)

उत्तर: आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. वयस्क मधुमेहींमध्ये बाहेरील कर्णनलिकेचा जंतुसंसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पसरू शकतो आणि त्याला अनेक आठवड्यांचे प्रतिजैविक उपचार लागतात. चेहरा एका बाजूला वाकडा झाल्यास थेट मोठ्या रुग्णालयात न्या. कानात तेल किंवा काडी घालू नका. सुरू असलेल्या गोळ्या आणि साखरेचा शेवटचा अहवाल सोबत ठेवा.