एंडोमेट्रिओसिस ‘स्टेज ४’ म्हणजे कॅन्सरसारखी शेवटची पायरी का?

नाही ताई, तुमच्या बहिणीच्या रिपोर्टातल्या ‘स्टेज ४’चा कॅन्सरशी संबंध नाही. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं. पोटात घातलेल्या दुर्बिणीतून दिसलेले डाग, गाठी, चिकटलेले भाग यांना गुण देऊन ही स्टेज ठरते: १ ते ५ पहिली, ६ ते १५ दुसरी, १६ ते ४० तिसरी, त्यापुढे चौथी. मी बेळगावात ऑपरेशन थिएटरात नर्स आहे. अंडाशयातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारानं होणारी रक्ताची गाठ, उघडली की काकवीसारखं घट्ट, जुनं रक्त येतं. ती मोठी असली की गुण भराभर चढतात. मात्र स्टेजवरून दुखणं मोजू नका. पहिल्या स्टेजची बाई पाळीत गडबडा लोळते, चौथीतली कधीकधी खानापूरहून बसनं आरामात येते. मूल हवं असेल तर वय आणि गर्भनलिकाही बघाव्या लागतात, ते डॉक्टरांना विचारा.