युजरफॉर्मवरच्या बटणाचं नाव बदललं आणि त्याचा मॅक्रो चालेनासा झाला, काय करू?

एक्सेलच्या व्हीबीएमध्ये (मॅक्रो लिहायच्या भाषेत) बटण आणि कोड यांची जोडणी फक्त नावावर असते. प्रॉपर्टीजमध्ये नेम बदलून तुम्ही कमांडबटन१ चं बीटीएनसेव्ह केलंत, पण कोडमध्ये 'कमांडबटन१_क्लिक' तसंच राहिलं. एक्सेल ते आपोआप बदलत नाही, एररही देत नाही. बटण नुसतं ढिम्म. (कॅप्शन, म्हणजे बटणावर दिसणारा मजकूर, मात्र खुशाल बदला, त्याने काही बिघडत नाही.)

फॉर्मवर बटणाला डबल-क्लिक करा, नव्या नावाची रिकामी प्रोसिजर (कोडचा तुकडा) उघडेल. जुन्यातल्या ओळी तिच्यात हलवा, जुनी पुसून टाका.

तरीही अडलं तर प्रोसिजरच्या पहिल्या (सबच्या) ओळीवर एफ९ दाबून ब्रेकपॉइंट (कोड थांबायची खूण) टाका आणि फॉर्म चालवा. बटण दाबल्यावर तिथे थांबलं तर जोडणी ठीक, घोळ आतल्या कोडमध्ये आहे. एनेबलइव्हेंट्स (एक्सेलचे इव्हेंट चालू-बंद करणारं सेटिंग) ट्रू करत बसू नका. फॉर्मवरच्या कंट्रोल्सना ते लागूच होत नाही.