आजारी न पडलेल्यांच्या घरीही जा

कोल्हापूर

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आरोग्य केंद्रातली ओपीडी, प्रसूती, लसीकरण, मीटिंगा यांतून वेळ काढून तू ते लिहिलंस, म्हणून उत्तरही घाईत द्यायचं नव्हतं. पुढची दोन वर्षं पीजीच्या परीक्षेला द्यायची की फील्ड एपिडेमिऑलॉजीच्या, म्हणजे गावोगाव फिरून साथीचं मूळ शोधण्याच्या, प्रशिक्षणाला, असं विचारतेस. मला काय वाटतं ते सांगते. पण त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगायला हवी. हे काम काय असतं ते मला तिच्यामुळे कळलं.

तेव्हा मी तुझ्याएवढीच होते. पंचगंगेकाठच्या एका गावात काविळीचे रुग्ण वाढू लागले. मी ओपीडीचं रजिस्टर काढलं, रुग्णांच्या घरी गेले, प्रत्येकाला विचारलं, पाणी कुठलं पिता? सगळे म्हणाले, नळाचं. मी अहवाल लिहून टाकला: नळाचं पाणी दूषित. आमचे एक वरिष्ठ आले, अहवाल वाचला आणि एवढंच विचारलं, "ज्यांना कावीळ झाली नाही, ते कुठलं पाणी पितात?"

मी त्यांच्या दारात गेलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी गेले. तेही नळाचंच पीत होते. सगळं गावच नळाचं पीत असेल, तर "रुग्ण नळाचं पाणी पितात" या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. मग आम्ही गावाचा कच्चा नकाशा काढला आणि रुग्णांच्या घरांवर टिंबं दिली. टिंबं पाईपलाईनच्या शेवटच्या टोकाला गोळा झाली. तिथे पाण्याला दाब नव्हता, म्हणून लोकांनी दारात खड्डा खणून तोटी खाली घेतली होती. काहींनी थेट लाईनला मोटर लावली होती. खड्ड्यात गटाराचं पाणी साचायचं. नळ बंद झाला की पाईप रिकामा व्हायचा आणि ते पाणी आत ओढलं जायचं. टाकीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर रोज पडत होती आणि टाकीजवळ घेतलेली ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी, चांगली येत होती. दोष टाकीपासून अर्ध्या मैलावर होता. माझ्या पहिल्या अहवालावर काम झालं असतं, तर टाकी पुन्हा धुतली गेली असती आणि खड्डे तसेच राहिले असते.

तेव्हापासून मी शिकवते ती पहिली गोष्ट हीच: आजारी न पडलेल्यांच्याही घरी जा. इस्पितळात बसलेल्या डॉक्टरला फक्त आजारी माणूस दिसतो. तुला अख्खं गाव बघायचं आहे.

याचं गणित एकदा हाताने करून बघ. समज, यात्रेच्या महाप्रसादाला दीडशे माणसं जेवली आणि ६० जणांना उलट्या-जुलाब झाले. गावात बोलबाला, खीर बाधली, कारण ६० पैकी ४० जणांनी खीर खाल्ली होती. आता सगळ्या दीडशे जणांना विचार. खीर खाणारे १००, त्यांतले ४० आजारी. न खाणारे ५०, त्यांतले २० आजारी. दोन्हीकडे शंभरी चाळीस. म्हणजे खिरीकडे बोट दाखवायला काहीच आधार नाही. मग ताकाचं विचार. ताक पिणारे ८०, त्यांतले ५६ आजारी, शंभरी सत्तर. न पिणारे ७०, त्यांतले ४ आजारी, शंभरी सहासुद्धा नाहीत. आता ताक कुणी केलं, बर्फ कुठून आणला, पिंपात पाणी कुठलं घातलं, हे शोधायला निघ. एवढी आकडेमोड सातवीतल्या पोरालाही येईल. अवघड असतं ते ठणठणीत असलेल्या नव्वद जणांना गाठून, जेवणात काय काय घेतलं होतं, हे आठवायला लावणं.

पुराचं वेगळं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की सगळ्यांचं लक्ष शिरोळ, करवीर, हातकणंगल्याकडे लागतं. छावण्या उघडतात, औषधं येतात. २०१९ आणि २०२१ चे पूर तू पाहिले आहेसच. पाणी ओसरतं, लोक घरं धुऊन काढतात, बाहेरून आलेली मदत परत जाते. आणि आपलं काम नेमकं तेव्हा सुरू होतं. चिखलात अनवाणी राबलेल्या माणसाला आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टो, म्हणजे उंदरा-गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा ताप, मनात आणावाच लागतो. दूषित पाण्यातून होणारी 'हेपॅटायटिस ई'ची कावीळ तर शरीरात शिरल्यापासून दोन ते दहा आठवड्यांनी दिसते. ऑगस्टमध्ये प्यालेल्या पाण्याचा रुग्ण सप्टेंबर-ऑक्टोबरात तुझ्यापुढे बसतो. त्याला आज कुठलं पाणी पितोस हे विचारून उपयोग नाही, महिना-दीड महिन्यापूर्वीचं विचारायचं. आणि वस्तीत गरोदर बाई असेल तर तिच्या घरी आधी जा. हा आजार तिच्या जिवावर उठतो. २०१२ साली इचलकरंजीत कावीळ पसरली, तो हाच आजार.

आता प्रशिक्षणाविषयी. अमेरिकेत १९५१ साली अलेक्झांडर लँगमुर यांनी साथरोग शोधणाऱ्या डॉक्टरांचं पथक उभं केलं. तळाला भोक पडलेला बूट ही त्या पथकाची खूण. आपण चपला झिजवणं म्हणतो, तेच. १९८० मध्ये थायलंडने त्याच धर्तीवर स्वतःचा अभ्यासक्रम सुरू केला, मग एकेक देश करत गेला. आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१ पासून आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून हे शिक्षण मिळतं. दोन वर्षांतला साधारण चौथा हिस्सा वर्गात, बाकी सगळा काळ प्रत्यक्ष कामात: साथ शोधायची, सर्वेक्षणाची माहिती तपासायची, अहवाल लिहायचा, आणि जाणत्या माणसाने तो लाल शाईने भरून परत द्यायचा. तालुका-जिल्ह्यात रोज काम करणाऱ्यांसाठी तीन महिन्यांचा, आणि मधल्या फळीसाठी नऊ महिने ते वर्षभराचा, असेही टप्पे जगभर चालतात. मला तो तीन महिन्यांचा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो. साथीची पहिली चाहूल आशाताईला लागते, आरोग्यसेवकाला लागते. त्यांचं म्हणणं ऐकून नीट मोजणारा माणूस जवळपास हवा. तो दिल्लीत असून भागत नाही.

जागतिक पातळीवर दोन लाख लोकसंख्येमागे किमान एक प्रशिक्षित साथरोगतज्ज्ञ असावा असं माप धरलं आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. म्हणजे त्या मापाने एकट्या कोल्हापूरला एकोणीस जण लागतात, बारा तालुक्यांना दीड-दीड. तुझ्या ओळखीतले असे किती जण आहेत ते बोटांवर मोज.

म्हणून माझं मत: तू जा. पण या कामाला दारावरची पाटी नाही. जी साथ आलीच नाही तिच्याबद्दल कुणी हार घालत नाही. तुझ्या घरचे पीजीचा आग्रह धरतील, आणि त्यांचंही चुकत नाही. रुग्ण बरा करण्यातच तुझं मन रमत असेल, तर मेडिसिन कर, मला आनंदच होईल. पण तू पत्रात दीड पान त्या वाडीतल्या तापाच्या रुग्णांबद्दल लिहिलंस आणि पीजीबद्दल तीन ओळी. त्यावरून मला तुझं मन कळलं.

गेलीस तर परत ये, हे मात्र माझं मागणं. शिकून परतलेल्या एका माणसाच्या हाताखाली दहा आरोग्यसेवक तयार होतात. साप्ताहिक अहवालात 'शून्य रुग्ण' आणि 'अहवाल आलाच नाही' यांत फरक असतो, हे त्यांना कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. गावच्या पाण्याची देखभाल करणाऱ्या जलसुरक्षकावर न खेकसता त्याच्याबरोबर व्हॉल्वपर्यंत चालत जावं लागतं. तो रागावला की खड्डे कुठे आहेत ते सांगत नाही. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत थांबू नये, त्याच संध्याकाळी ग्रामसेवकाला समजेल असं एक पान लिहून द्यावं, हेही माणूस दुसऱ्याचं बघूनच शिकतो.

त्या वाडीबद्दल: तू पाठवलेल्या यादीत नाव, वय, पत्ता आहे, पण ताप सुरू झाल्याची तारीख निम्म्या रुग्णांपुढे नाही. ती आधी भर. तारखा आल्या की दिवसागणिक किती रुग्ण ते कागदावर मांड. सगळे तीन-चार दिवसांत एकदम आले की हळूहळू पसरले, एवढं त्यातून दिसेल. मग प्रत्येक रुग्णामागे शेजारची दोन निरोगी माणसं निवड, त्याच वयाची, आणि तेच प्रश्न त्यांनाही विचार. शेतात कधी उतरलात, गोठा कोण साफ करतं, पायात काय असतं.

रविवारी मी घरी आहे. यादी घेऊन ये, जेवायलाच ये. शिफारसपत्र तोवर लिहून ठेवते.

तुझी,
मॅडम