मेळघाटात नदीकाठाने, जंगलातून पायी भटकंती करता येते का?

आपला प्रश्न असा आहे की, सह्याद्रीतील किल्ले पायाखाली घातलेल्या माणसाला मेळघाटात मोबाइलवरील नकाशाच्या आधारे, एकट्याने, नदीच्या काठाकाठाने दोन-तीन दिवस तंबू टाकत चालता येईल का. या स्वरूपात ते करता येणार नाही आणि बहुतेक ठिकाणी तो गुन्हा ठरेल. मात्र गावात मुक्काम करून, गावातीलच माणूस बरोबर घेऊन, परवानगी असलेल्या भागात दिवसाउजेडी चालायचे असेल, तर येथे भरपूर वाव आहे. मी परतवाड्याच्या बाजूचा असल्याने उत्तर मुख्यतः त्याच परिसरापुरते देत आहे.

प्रथम कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मेळघाट हा देशातील अगदी पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच्याच पोटात आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही. तेथून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याने प्रवास करता येतो, परंतु रस्ता सोडून आत शिरता येत नाही. अभयारण्याबाहेरचे राखीव जंगलही मोकळे रान नव्हे, कारण 1927 च्या वन कायद्याप्रमाणे तेथील विनापरवाना वावर हा अतिक्रमणच मानला जातो. म्हणून संबंधित वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी चौकशी करावी आणि मिळालेली परवानगी शक्यतो कागदावर घ्यावी. काही ठिकाणी जंगलाची व्यवस्था गावाकडे असते. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर या गावाला 2012 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि तेथील ग्रामसभेने उजाड टेकड्यांवर पुन्हा झाडोरा उभा केला. अशा गावात ग्रामसभेला विचारल्याशिवाय पाऊल टाकणे मला तरी उद्धटपणाचे वाटते.

आता भूगोलाकडे येतो, कारण सह्याद्रीची सवय सर्वाधिक फसवते ती येथे. गाविलगडची डोंगररांग दक्षिणेकडे पायनघाटच्या सपाटीवर एकदम कड्यांनी तुटते, तर उत्तरेकडे ती तापीच्या दिशेने लांबलांब सोंडांनी हळूहळू उतरत जाते. सिपना, खापरा, खंडू, गडगा आणि डोलार या मेळघाटच्या पाचही नद्या उत्तरेकडील उतारावरून वळणे घेत तापीच्या खोऱ्यात जातात. 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्याने गाविलगड किल्ला घेतला, तेव्हा त्याचा सहकारी स्टीव्हन्सन याच्या तुकडीने तोफा डोंगरांतून फिरवून उत्तर बाजूस ओढत नेल्या, त्याचे कारण हीच रचना होय. दक्षिणेचा चढ भिंतीसारखा होता. वाट चुकल्यास नाल्याने खाली उतरत जावे, म्हणजे गाव लागते, हा सल्ला आपण ऐकला असेल. उत्तरेकडे तो कदाचित चालेल, परंतु चिखलदऱ्याच्या दक्षिण कडेला नाल्याने उतरणारा माणूस भीमकुंडासारख्या धबधब्याच्या माथ्यावर पोहोचतो, आणि तेथून ना खाली जाता येते, ना शेवाळलेल्या खडकावरून सहज वर येता येते.

दुसरी गोष्ट पायवाटांची. सह्याद्रीतील ठळक वाट बहुधा घाटाला, किल्ल्याला किंवा वाडीला जाऊन मिळते. मेळघाटात मात्र प्रत्येक वाट कोणत्या ना कोणत्या कामासाठी पडलेली असते आणि ते काम जेथे संपते, तेथेच वाटही संपते. एखादी मळलेली वाट एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली थांबते, कारण ती केवळ फुले वेचायला जाणाऱ्यांची असते. एखादी ढोरवाट पाण्यापर्यंत जाऊन दहा फाट्यांत विखुरते. एखादी सरळ, रुंद आणि मोह पाडणारी वाट ही वनविभागाने आग अडवण्यासाठी काढलेली जाळरेषा असते आणि तिला गावाशी काहीही देणेघेणे नसते. बैलगाडीची चाकोरी दिसली, तर ती पुढे शेतात वा गावात निघण्याची शक्यता बरीच असते. मोबाइलवरील नकाशा हे सारे एकाच जाडीच्या रेषेने दाखवतो. त्यात भर म्हणजे बोरी, कोहा, कुंड यांसारखी काही गावे पुनर्वसनामुळे जंगलाबाहेर गेली आहेत. जुन्या नकाशांवर त्यांची नावे राहतात, परंतु तेथे आज पाणी पाजणारे कोणी नाही. जेथे शेते होती, तेथे गवत वाढले असून हरणे आणि गवे चरतात, जे त्या जनावरांच्या दृष्टीने उत्तमच झाले.

नदीतून चालण्याविषयी आपण विशेष विचारले आहे. पावसाळ्यात तो विचारच करू नये. वर चिखलदऱ्याच्या पठारावर जोराचा पाऊस झाला, की खाली ऊन असतानाही नाल्याला लोंढा येतो आणि रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल) दिसेनासा होतो. अशा वेळी पाणी उतरेपर्यंत अलीकडे बसून राहावे, मग एसटी चुकली तरी चालेल. पाऊस संपल्यानंतरही कार्तिकापर्यंत गवत कमरेएवढे असते, त्यात दोन पावलांवरचे रानडुक्कर दिसत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. त्यानंतर पात्र आटून डोह तेवढे उरतात, आणि नेमके तेच डोह साऱ्या जनावरांचे पाणवठे होतात. म्हणून सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर डोहाजवळ थांबू नये. गावकरी वाळूत झिरा खणून पाणी घेतात, ते दिसायला स्वच्छ असले, तरी नवख्या माणसाने उकळूनच प्यावे. एप्रिल-मे मधील उन्हाबद्दल विदर्भाबाहेरच्या माणसाला कितीही सांगितले, तरी ते येथे आल्यावरच पटते.

वाघाची भीती सगळ्यांनाच असते, परंतु पायी चालणाऱ्याने अधिक जपावे ते अस्वलाला. त्याची दृष्टी अधू असते, ते वारूळ उकरण्यात किंवा मोहफुले खाण्यात गुंग असते आणि अचानक समोर माणूस आला, की पळण्याऐवजी अंगावर येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली पहाटे अस्वलही येते आणि वेचणारी माणसेही, त्यामुळे हल्ल्यांच्या बातम्या त्याच दिवसांत वाढतात. चालताना आपापसांत बोलत राहावे, काठी दगडावर वाजवावी, झुडपांच्या वळणावर थबकावे. कुत्रा बरोबर नेऊ नये. तो जनावराला डिवचतो आणि मग धावत आपल्याकडेच येतो. कड्यांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असते, त्यामुळे खाली विडी-सिगारेट ओढणे, धूर करणे किंवा भडक अत्तर लावून जाणे टाळावे. पाऊस संपत आल्यावर गवतातून हिंडल्यास स्क्रब टायफसचा, म्हणजे गवतातील बारीक किड्यांच्या चाव्याने येणाऱ्या तापाचा, धोका असतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, गवतावर लोळू नये आणि परतल्यावर ताप आला, तर जंगलात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

वाटाड्या घ्यावा की नाही, हा प्रश्न माझ्या मते उरतच नाही. मेळघाटातील बहुसंख्य गावे कोरकू समाजाची आहेत. घरात कोरकू आणि बाहेरच्यांशी हिंदी किंवा मराठी, अशी बोलण्याची रीत असल्याने शहरी मराठीत भराभर प्रश्न विचारल्यास अनेकदा नुसते 'हो' असे उत्तर मिळते. तेव्हा 'ही वाट तिकडेच जाते ना?' असे न विचारता 'ही वाट कुठे जाते?' असे विचारावे. गावात पोहोचल्यावर राम राम करून आधी पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटावे, कुठे जाणार आणि केव्हा परतणार ते सांगून ठेवावे. बरोबर येणाऱ्या भाऊंची दिवसाची मजुरी आधी ठरवावी आणि त्यात घासाघीस करू नये, कारण त्या दिवशीचे त्यांचे शेतातले काम बुडालेले असते. त्यांनी एखाद्या ठिकाणी 'आता पुढे नको' म्हटले, तर कारण न विचारता मागे फिरावे. कारण नंतर चहा पिताना विचारता येते.

आपल्याजवळ तीनच दिवस असतील, तर परतवाड्याहून चिखलदऱ्याला यावे. पहिल्या दिवशी प्रवेशाच्या वेळा विचारून गाविलगड आतून नीट पाहावा आणि तटावरून दक्षिणेचा तुटलेला कडा समजून घ्यावा. दुसऱ्या दिवशी वाटाड्या घेऊन मोथा आणि आमझरी या गावांच्या बाजूला शेतांमधून चालावे. मोथ्याला गवळी वस्ती असल्याने दूध-खवा चांगला मिळतो. तिसऱ्या दिवशी सेमाडोहला जाऊन सिपनेचे पात्र पाहावे. तो भाग व्याघ्र प्रकल्पाचा असल्यामुळे तेथे पायी जे काही करता येईल, ते वनविभाग नेमून देईल तेवढ्याच वाटेवर आणि त्यांच्याच माणसाबरोबर. तंबू घरी ठेवावा. सेमाडोह आणि कोलकास येथे वनविभागाची निवासव्यवस्था आहे, मात्र हिवाळ्यातील सुट्ट्यांमध्ये ती लवकर भरते, त्यामुळे नोंदणी आधीच करावी.