कायापलट, कायापालट की कात टाकणं?

प्रश्न असा आला आहे: ‘ब्लॉगचा साचा बदलला, रंग आणि अक्षरं नवी घेतली, शोधाची खिडकी टाकली, फोनवर नीट दिसेल अशी मांडणी केली. जुन्या लेखांना हात लावलेला नाही. याला कायापलट म्हणू की नूतनीकरण? आणि नवीन फीचर्सना वैशिष्ट्ये म्हटलं तर चालेल का?’

आधी एक काना. मराठीतला शब्द ‘कायापालट’, ‘कायापलट’ हिंदीतला. प्राकृतातल्या ‘पल्लट्ट’मधलं जोडाक्षर सुटलं तेव्हा मराठीने आधीचा स्वर लांबवला, ‘हत्थ’चा हात आणि ‘सत्त’चा सात झाला तसाच. हिंदीनेही हाथ, सात केलं, पण ‘पलट’ला काना दिला नाही. आपल्याकडेही ‘पलटी’ आहे म्हणा. पण ती घाटात ट्रक मारतो, नाहीतर निवडणुकीनंतर पुढारी.

हा ‘पालट’ मराठीत चांगला लेकुरवाळा आहे. आजारी माणूस हवापालटाला जातो, जेवणात रुचिपालट हवा असतो, शेतकरी पिकांची फेरपालट करतो (इथे तो बहुतेकांच्या तोंडी स्त्रीलिंगी होतो, का कोण जाणे). मंत्रिमंडळात खांदेपालट होतो. ओझं तेच, खांदा दुसरा, हे त्यातलं चित्र. खातेबदलाच्या बातमीला इतका नेमका शब्द क्वचितच मिळतो. कायापालटात मात्र खुद्द कायाच बदलते. ओसाड गावात पाणी आलं, शेतं भिजली, मुंबईला गेलेली माणसं परतली, तर तो कायापालट. मथळ्याचा रंग निळ्याचा हिरवा केला तर ती रंगरंगोटी. तुमचं काम या दोन्हींच्या मधलं आहे.

‘नूतनीकरण’ मी तरी वापरणार नाही. एक तर त्याला कार्यालयाचा वास येतो. दुसरं म्हणजे परवान्याचं, विम्याचं नूतनीकरण आपण करतो तेव्हा वस्तू तीच राहते, फक्त मुदत वाढते. ‘ब्लॉगचं नूतनीकरण केलं’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, वर्षाचे पैसे भरून पत्ता टिकवलात. ‘जीर्णोद्धार’ देवळांचा. चार वर्षं एक ओळ न लिहिता मग रंग काढला असेल, तर स्वतःची थट्टा म्हणून बेलाशक वापरा.

मला विचाराल तर ‘ब्लॉगने कात टाकली’. साप तोच, वरची जुनी त्वचा गेली. तुमचे लेख जसेच्या तसे आहेत, म्हणजे हे वर्णन अक्षरशः लागू पडतं. वर्तमानपत्रांनी हा वाक्प्रचार थोडा गुळगुळीत केला आहे खरा, पण अजून झिजलेला नाही.

‘वैशिष्ट्ये’ नको. ‘माझ्या ब्लॉगची वैशिष्ट्ये’ हे आत्मस्तुतीसारखं ऐकू येतं. शोधाच्या खिडकीला घरात सरळ ‘सोय’ म्हणतात: ‘जुने लेख शोधायची सोय केली आहे.’ फारच औपचारिक व्हायचं असेल तर ‘सुविधा’. टेम्प्लेटला तुम्ही ‘साचा’ म्हटलंत ते उत्तम; मराठी विकिपीडियावरही तोच शब्द रुळला आहे.

आता न विचारलेलं. मागे मी साचा बदलला तेव्हा लेख तेच होते, तरी पान परकं दिसायला लागलं. दोन दिवसांनी लक्षात आलं की दोन पाकळ्यांचा ‘ल’ जाऊन हिंदी वळणाचा उभ्या दांड्याचा ‘ल’ आला होता, आणि ‘श’ही बदलला होता. आपल्या वळणाचे ल आणि श राज्य शासनाने 2009च्या वर्णमालेच्या निर्णयात प्रमाण ठरवले आहेत. पण नव्या साच्यात पानाची भाषा ‘एचआय’, म्हणजे हिंदी, अशी नोंदलेली होती. ती ‘एमआर’, म्हणजे मराठी, केली आणि, अक्षरसंचात (फॉन्टमध्ये) मराठी वळणं होती म्हणून, माझा ल परत आला. तुम्हीही साच्यातली ती भाषेची ओळ एकदा उघडून बघा; कायापलटातला काना तिथेच हरवला असेल.