पुढच्या पंधरवड्यात पाऊस आहे का हो? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

श्रावण निम्मा सरला की मला येणारे प्रश्न बदलतात. जूनमध्ये सगळे विचारतात पाऊस कधी येणार, आणि आता विचारतात कधी थांबणार, किती थांबणार, थांबला तर परत येणार का. या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून बरेच प्रश्न आलेत, त्यातले काही घेतोय. सगळ्यांची नावं गाळलीत, सोसायटीत भांडणं नकोत.

घोडबंदर रोडवरून एक ताई विचारतात: आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू करू, मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये बघितलं तर तेव्हा सलग पाच दिवस सूर्याचं चित्र आहे. तारीख देऊन टाकू का?

ताई, नका देऊ. निदान त्या सूर्याच्या भरवशावर तरी नका देऊ.

बावीस दिवसांनंतर अमुक वारी ऊन की पाऊस हे आजच्या घडीला जगात कुणालाही सांगता येत नाही. वातावरणाचा स्वभावच असा आहे की आज मोजमापात राहिलेली बारीकशी चूक रोज वाढत जाते आणि साधारण दोन आठवड्यांत ती एवढी फुगते की त्यापुढे एकेका दिवसाचा अंदाज म्हणजे नुसता अंदाजपंचे. मग अ‍ॅप चित्र कुठून आणतं? एक तर त्या तारखेची नेहमीची सरासरी उचलून लावतं, नाहीतर हवामानाचं गणित करणारं कॉम्प्युटर मॉडेल एकदाच चालवून जे निघालं ते दाखवतं. उद्या परत उघडून बघा, त्याच दिवसावर ढग आलेला असेल. मी स्वतः यात एकदा फसलोय. सप्टेंबरात पाचपाखाडीत घर बदललं तेव्हा दहा दिवस आधी असाच सूर्य बघून टेम्पो ठरवला, आणि गाद्या खाली उतरवायला आणि वरून धो धो सुरू व्हायला एकच गाठ. दोन गाद्या गेल्या. बायको अजून काढते.

पण दोन-तीन आठवड्यांनंतरचं काहीच कळत नाही असंही नाही. आठवड्याचा कल कळतो. हवामान खातं दर गुरुवारी एक्स्टेंडेड रेंजचा अंदाज देतं, पुढच्या चार आठवड्यांचे नकाशे असतात, प्रत्येक आठवड्याचा वेगळा, पावसाचा वेगळा आणि कमाल-किमान तापमानाचा वेगळा. यामागची बरीचशी मेहनत आपल्या पुण्याच्या पाषाणच्या आयआयटीएमची, म्हणजे उष्णकटिबंधीय हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची आहे. तुम्ही असं करा, कॉन्ट्रॅक्टरला एक तारीख देण्याऐवजी दोन आठवडे राखून ठेवायला सांगा, आणि सुरुवात करायच्या आधीच्या दोन गुरुवारी कोकण-गोव्याचा रंग बघा. दोन्ही गुरुवारी कल कोरड्याकडे असेल तर पुढे जा. आणि खरं सांगू का, ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, उखडून टाकायचा असेल तर दसरा होऊ द्या. उघडी पडलेली गच्ची आणि सप्टेंबरची संध्याकाळ हे कॉम्बिनेशन वरच्या मजल्यावाल्यांना विचारा.

ऐरोलीचे एक काका जरा चिडूनच लिहितात: गेल्या वर्षी तुम्ही लोकांनी सांगितलं की या आठवड्यात पाऊस सरासरीपेक्षा कमी. त्याच आठवड्यात ऑफिसमधून येताना गुडघाभर पाण्यातून चालत आलो. मग अंदाज चुकला हे कबूल का करत नाही?

काका, राग बरोबर आहे तुमचा, पण हिशोब बघा. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत सप्टेंबरची सरासरी साडेतीनशे ते चारशे मिलिमीटर धरा, म्हणजे आठवड्याला ढोबळमानाने ९०. समजा त्या आठवड्यात एकूण ५० मिलिमीटरच पडला. कागदावर सरासरीपेक्षा चांगलाच कमी. पण ते पन्नासच्या पन्नास एका संध्याकाळी दीड तासात पडले तर? नाला तेवढा वेळ कुठे देतोय. बाकी सहा दिवस तुम्ही छत्री उघडलीही नसेल आणि ते सहा दिवस कुणाच्या लक्षात राहत नाहीत, मला पण नाही राहत.

दुसरी गोष्ट जागेची. हा अंदाज ऐरोलीचा नसतो, कोकण आणि गोवा या अख्ख्या विभागाचा असतो, म्हणजे डहाणूपासून थेट गोव्यापर्यंत. एवढ्या पट्ट्यात कमी पाऊस पडला आणि नेमका तुमच्या डोक्यावर फुटला असं सहज होतं. २६ जुलै २००५ आठवतो ना, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७४ च्या आसपास. एकच शहर, एकच दिवस.

तिसरी गोष्ट म्हणजे ही भाषाच शक्यतेची आहे. जुन्या सगळ्या वर्षांचे त्या आठवड्याचे आकडे ओळीत लावले आणि तीन सारखे ढीग केले, कमी, मध्यम, जास्त, तर काहीच माहीत नसताना प्रत्येकाला ३३ टक्के मिळतात. नकाशा म्हणाला ‘कमी पावसाची शक्यता ५० टक्के’ तर याचा अर्थ उरलेले ५० टक्के बाकीच्या दोन ढिगांत आहेत. आमच्या लोकांचं चुकतं ते इथे, टीव्हीवर जाईपर्यंत टक्के गळून पडतात आणि ‘पाऊस कमी’ एवढंच उरतं. ते मात्र कबूल.

कळव्याहून एक कॉलेजची मुलगी: दोन दिवसांनंतरचा पाऊस कधीकधी चुकतो, मग तीन आठवड्यांनंतरचं तुम्हाला कसं काय कळतं?

फार चांगला प्रश्न विचारलास, याला जरा जास्त वेळ देतो.

स्टेशनवर उभी आहेस असं समज. पुढची लोकल नेमकी किती वाजून किती मिनिटांनी लागेल, कुठल्या डब्यात जागा मिळेल, हे सांगणं अवघड. पण संध्याकाळी सहा ते नऊ गर्दी असणार हे तू आत्ता सांगू शकतेस, कारण गर्दीचं कारण मोठं आणि सावकाश हलणारं आहे. पावसाचंही तसंच आहे. एखादा ढग काही तास जगतो, त्याचा पत्ता आधी लागत नाही. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र चार-सहा दिवस जगतं, ते पश्चिमेकडे सरकताना आपल्याकडचे अरबी समुद्रावरून येणारे वारे जोर धरतात, घाटाला धडकतात आणि ठाण्यापासून कर्जतपर्यंत सगळे भिजतात. आणि या सगळ्याच्या वर आणखी सावकाश चालणाऱ्या गोष्टी असतात.

त्यातली एक म्हणजे एमजेओ, पूर्ण नाव मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या दोघांनी १९७१ मध्ये ती पकडली. विषुववृत्ताजवळ ढगांचा एक प्रचंड पुंजका पूर्वेकडे सरकत जातो आणि ३० ते ६० दिवसांत पृथ्वीला फेरी मारतो. तो हिंदी महासागरावर असला की आपल्याकडे मान्सूनला बळ, पॅसिफिककडे निघून गेला की आपल्याकडे बहुतेक वेळा उघडीप. पावसाळ्यात याचाच एक नातेवाईक विषुववृत्तावरून उत्तरेकडे चढत येतो, दिवसाला साधारण १ अंश अक्षांश या चालीने. ठाणे १९ अंशांवर आहे. म्हणजे विषुववृत्तावर आज ढगांची गर्दी जमायला लागली तर ती आपल्यापर्यंत यायला तीनेक आठवडे. हा वेळ म्हणजेच आमची कमाई, बाकी जादू काही नाही.

त्यावर मग मॉडेल एकदाच न चालवता सुरुवात किंचित किंचित बदलून पुन्हा पुन्हा चालवतात. युरोपातल्या ईसीएमडब्ल्यूएफ या हवामान अंदाज केंद्राचं मॉडेल असं रोज १०१ वेळा चालतं, ४६ दिवस पुढे जातं. त्या १०१ पैकी ७० जण ओल्याकडे कलले तर आपण म्हणतो शक्यता चांगली. अर्धे इकडे अर्धे तिकडे झाले तर गप्प बसायचं, आणि गप्प बसणं हाही अंदाजच असतो.

नेहमी जमतं का? नाही. पहिल्या दोन आठवड्यांवर मी पैज लावेन, तिसऱ्यावर चहाची, चौथ्यावर चहाही नाही. एमजेओ दुबळा असला की तिसरा आठवडाही हातातून जातो.

नेरुळहून एक गृहस्थ: ऑगस्टच्या शेवटी पाऊस थांबला की एवढं उकडतं की एसी लावावाच लागतो. ऑक्टोबर हीट आधीच आली म्हणायची का? आणि तापमानाचा अंदाज पावसापेक्षा खात्रीचा असतो असं ऐकलंय, खरं का?

ऑक्टोबर हीट नव्हे ही, उघडीप आहे. अशा वेळी मान्सूनचा आस, म्हणजे उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांबलचक पट्टा, वर हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो, तिकडे पूर येतात आणि आपल्याकडे ढग विरळ होतात, वारा पडतो. ऑगस्टात सांताक्रूझचं कमाल तापमान ३० च्या आसपास असतं, उघडीप पडली की दोन-तीन डिग्री वर जातं. आकडा काही भयंकर नाही पण जमीन ओली, खाडी बाजूला, हवेत दमटपणा ठासून भरलेला, घाम वाळतच नाही. ऑक्टोबरात मामला वेगळा असतो, कमाल ३३-३४ ची सरासरी, वारे पूर्वेकडून येतात आणि समुद्राकडची झुळूक दुपारी उशिरा पोचते. ठाण्यात ती आणखी उशिरा.

तापमानाचा अंदाज जास्त पक्का असतो हे एरवी खरं आहे. पण कोकणात पावसाळ्यात एक गंमत आहे. इथे दिवसाचं तापमान ठरवतो तो ढगच. त्यामुळे पावसाचा अंदाज गंडला की कमाल तापमानाचा पण त्याच्याबरोबर गंडतो, दोघं एकाच रिक्षात बसलेले असतात. रात्रीचं किमान तापमान तेवढं हलत नाही, २५ च्या आगेमागे. तेव्हा एसीचं बिल दोन आठवडे आधी काढायचं असेल तर पावसाचाच नकाशा बघा.

२०२३ चा ऑगस्ट आठवतोय का? १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट, पाऊस ३६ टक्के कमी. एल निनो होता, म्हणजे पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं, आणि एमजेओनेही साथ सोडली होती. आणि मग सप्टेंबरात परत पाऊस आला, तो सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त. ऑगस्ट बघून सप्टेंबरला नावं ठेवायची नाहीत ती याच्यासाठी.

वाशीच्या एक आजी: मुलगा डॅलसला असतो. त्याने तिकडच्या हवामान खात्याचा नकाशा पाठवलाय, टेक्सासवर गडद केशरी रंग आहे. म्हणतो आई काळजी करू नकोस. काळजी करू का?

आजी, तो रंग किती डिग्री ते सांगत नाही, शक्यता किती ते सांगतो. तिकडे क्लायमेट प्रेडिक्शन सेंटर आहे, ते रोज ६ ते १० दिवस आणि ८ ते १४ दिवस असे दोन कालावधी धरून तापमान आणि पाऊस दोन्हीचे नकाशे काढतात. तापमानात केशरी म्हणजे नेहमीपेक्षा गरम असण्याकडे कल, निळा म्हणजे गार. पावसात हिरवा ओला, तपकिरी कोरडा. रंग जितका गडद तितकी खात्री जास्त. म्हणजे गडद केशरी पाहून ‘भयंकर ऊन’ असं वाचू नका, ‘गरम असणार हे बऱ्यापैकी नक्की’ असं वाचा. हिवाळ्यात हाच गडद केशरी आला तर लोक खूश होतात.

पण ऑगस्टात डॅलसची नेहमीची दुपारच ३६-३७ डिग्रीची असते, नेहमीपेक्षा गरम म्हणजे त्याच्याही वर. आणि जुलै कोरडा गेला असेल तर जमिनीत ओल राहत नाही, उन्हाची ताकद पाणी वाळवण्यात खर्च होत नाही, सगळी हवा तापवण्यात जाते, मग उष्मा आणखी टिकतो. मुलाला सांगा दुपारी गवत कापायला बाहेर पडू नकोस. काळजी तेवढीच.

खारघरहून: मोरबे धरण भरेल का?

सप्टेंबरवर विसंबून सांगणं कठीण. नवी मुंबईला पाणी देणारं हे मोरबे ८८ मीटरच्या पातळीला ओसंडतं, आणि तिथली मुख्य भर जुलै-ऑगस्टातच पडते. पातळी थोडी कमी असेल आणि दोन आठवड्यांचा कल ओला असेल तर आशा धरा. फार कमी असेल तर बादल्या जपून.

नौपाड्यातून एक आजोबा: आमच्या लहानपणी हत्तीचा पाऊस म्हणायचे, पंचांगावरून सगळं कळायचं. तुमच्या कॉम्प्युटरने नवीन काय केलं?

आजोबा, पंचांगाला मी नावं ठेवणार नाही. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, म्हणजे आपल्या लोकांनी पाऊस दिवसात न मोजता पंधरवड्यात मोजला, हे शहाणपण आहे. हस्त साधारण २७ सप्टेंबरला लागतं आणि तेव्हा दुपारी तापून संध्याकाळी गडगडाटासह कोसळतो, हेही निरीक्षण बरोबर, परतीचा पाऊस तसाच असतो. मुंबई-ठाण्यातून मान्सून परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, हस्त त्याच्या अगदी आधी येतं.

फक्त वाहन हत्ती आहे म्हणून यंदा जास्त, बेडूक आहे म्हणून बरा, हे मला पटत नाही. पंचांग दरवर्षीची सरासरी सांगतं. यंदा काय वेगळं होणार ते त्यात नसतं. २०१९ ला राजस्थानातून मान्सूनने परतीची सुरुवातच ९ ऑक्टोबरला केली, नेहमी ती १७ सप्टेंबरला होते. हस्त तेव्हाही आपल्या वेळेवरच लागलं होतं.

शेवटचा, माजिवड्यातून एका आठवीतल्या मुलाचा: घरी पाऊस मोजता येतो का?

येतो. सरळ उभ्या भिंतींचा डबा घे, तळ सपाट हवा, वर निमुळता नको. गच्चीच्या मध्यावर ठेव, टाकीच्या आडोशाला नको. रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून मिलिमीटर मोज आणि पाणी ओतून दे. साडेआठच का, तर हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो, म्हणजे तुझा आकडा पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येईल. ६४.५ च्या वर गेला तर मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार. आणि गणित आवडत असेल तर हे कर: १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी, तुमच्या गच्चीचं क्षेत्रफळ काढ आणि एका मोठ्या पावसात किती टँकर पाणी गटारात गेलं ते सेक्रेटरी काकांना सांग. डब्यावर नाव लिहून ठेव, नाहीतर वॉचमन त्यात झाड लावेल, माझ्या डब्यात सध्या तुळस आहे.